व्हिसा त्यांचा, कागद आपले

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



परदेशी जाऊन राहू पाहणाऱ्या, पण कोणत्याही एजंटामार्फत किंवा कंपनीच्या बदलीवर न जाणाऱ्या वसई-विरारमधल्या माणसांसाठी हे पत्र लिहीत आहे. त्यांचे काम लॅपटॉपवर चालते. ग्राहक किंवा मालक पुण्यात असतो, बेंगळुरूत असतो, नाहीतर थेट ॲमस्टरडॅममध्ये. असे काम हाती ठेवून दुसऱ्या देशात कायदेशीरपणे राहता येईल असे निवासी व्हिसा गेल्या सात-आठ वर्षांत बऱ्याच देशांनी सुरू केले आहेत. त्यासाठी अर्ज करणाऱ्याला आपल्या राज्याकडून एकच गोष्ट लागते. त्याची पदवी, त्याचे नाव, त्याचा जन्म, लग्न आणि पत्ता हे सगळे खरे आहे असे सांगणारा, परदेशात चालेल असा कागद त्याला हवा असतो. तो देण्यासाठी आपल्या विभागाने वसई-विरारमध्ये साक्षांकनाची आणि मार्गदर्शनाची एक खिडकी उघडावी, अशी माझी मागणी आहे.

हे व्हिसा आहेत तरी काय, ते आधी सांगतो. तैवानने २०१८ मध्ये ‘एम्प्लॉयमेंट गोल्ड कार्ड’ सुरू केले. त्या एकाच कार्डात काम करण्याची परवानगी, निवासी व्हिसा, रहिवासी ओळखपत्र आणि देशात पुन्हा येण्याचा परवाना असे चारही येते. मुदत एक ते तीन वर्षांची असते आणि कार्ड कोणत्याही मालकाशी बांधलेले नसते. अर्जदार कुठल्या तरी क्षेत्रातला तज्ज्ञ असावा लागतो. एक सरळ वाट पगाराची आहे : गेल्या तीन वर्षांत कधीतरी महिना १,६०,००० तैवानी डॉलर, म्हणजे साधारण चार-साडेचार लाख रुपये पगार असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मलेशियाने २०२२ मध्ये ‘डीई रांताऊ’ हा परवाना आणला. तिथे संगणकक्षेत्रातल्या माणसाचे वार्षिक उत्पन्न २४,००० अमेरिकी डॉलर असले तरी अर्ज करता येतो. पोर्तुगालच्या ‘डी-८’ व्हिसासाठी त्या देशाच्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागते. २०२५ मध्ये तो आकडा महिना ३,४८० युरो होता. यातला तैवानचा उंबरठा फार थोड्यांना ओलांडता येईल. पण मलेशियाचा उंबरठा महिन्याला पावणेदोन लाखांच्या आसपास येतो, आणि दहा-बारा वर्षे अनुभव असलेल्या सॉफ्टवेअर अभियंत्याला तो अप्राप्य नाही. असे अभियंते विरार लोकलने अंधेरीला आणि गोरेगावला जात होते, आज त्यातले कितीतरी नालासोपाऱ्याच्या वन बीएचकेमध्ये बसून काम करतात.

या सगळ्या व्हिसांमध्ये मला एक गोष्ट निर्णायक वाटते. नेहमीच्या नोकरीच्या व्हिसात परदेशी कंपनी पुढे असते, तिचे वकील असतात, कुठला कागद कधी लागेल ते तीच सांगते. आखाती देशांत जाणाऱ्या कामगाराच्या पाठीशी, चांगला असो वा वाईट, एजंट तरी असतो. इथे अर्जदार एकटा असतो. परदेशी अधिकारी बहुधा त्याला पाहत नाही, त्याच्याशी बोलत नाही, फक्त त्याचे कागद वाचतो. त्यामुळे या वाटेवर माणसाच्या कौशल्याची किंमत त्याच्या कागदांच्या गुणवत्तेपलीकडे जाऊ शकत नाही. आणि हे कागद जवळजवळ सगळेच आपल्या राज्यात तयार होतात.

याबाबत आपला कायदा त्याला काय देतो ते पाहू. परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचे संरक्षण करणारा कायदा १९८३ चा आहे. त्या कायद्याखालच्या व्यवस्थेत दहावी न झालेल्या कामगाराला ठरावीक देशांत जाण्यापूर्वी उत्प्रवासाची परवानगी घ्यावी लागते, त्याचा करार तपासला जातो, एजंट नोंदणीकृत आहे का ते पाहिले जाते. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर ती अट नसते. परिचारिकांसारखा अपवाद सोडला तर शिकलेल्या माणसाला सरकारने स्वतःचे बरेवाईट कळणारा मानून मोकळे सोडले आहे. त्या काळी ते रास्त होते. पण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जो जाहीर इशारा द्यावा लागला तो याच शिकलेल्या मुलांसाठी होता. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ची नोकरी आहे असे सांगून संगणक शिकलेल्या तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात होते आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले जात होते. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाची विमाने पाठवून त्यातल्या पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. थायलंड हा उत्प्रवासाची परवानगी लागणाऱ्या देशांच्या यादीत आहे. तरीही या मुलांना कोणी अडवले नाही, कारण ती दहावीच्या पुढे शिकलेली होती. खरा व्हिसा कसा मिळतो, त्याला काय लागते, तो कोण देतो, हे ज्याला सरकारी जागेत विचारता येत नाही, तो टेलिग्रामवर विचारतो.

आता कागदांकडे येतो. वसई-विरारचा प्रश्न राज्यातल्या इतर शहरांपेक्षा अवघड का आहे, ते कागद हातात घेतल्यावर कळते.

नावापासूनच सुरुवात होते. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे, असा क्रम आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असते, स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते आणि आईचे नाव शेवटच्या पानावर जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर आईचे नाव आवश्यक केले, हा निर्णय चांगलाच आहे. पण त्यामुळे एकाच घरात आई, वडील आणि मूल यांची नावे तीन वेगळ्या क्रमांनी लिहिली जातील, हे परदेशी अधिकाऱ्याला समजावून सांगणारा एक साधा शासकीय दाखलाही सोबत हवा. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत तर एकाच आडनावाची रोमन लिपीतली दोन-तीन रूपे सहज सापडतात. घोन्सालविस घ्या किंवा लोपीस, बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक स्पेलिंग, शाळा सोडल्याच्या दाखल्यात दुसरे. गावात त्याने काही अडत नाही. तैपेईत किंवा लिस्बनमध्ये मात्र ती दोन वेगळी माणसे ठरतात.

पुढे जन्म आणि लग्न. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. त्याआधी इथे वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार अशा चार नगरपरिषदा होत्या आणि बाकीच्या गावांत ग्रामपंचायती. आज तिशी-चाळिशीत असलेल्या, म्हणजे या व्हिसासाठी नेमक्या वयात असलेल्या माणसाची जन्मनोंद त्या जुन्या वहीत आहे, बहुधा मराठीत आहे, आणि कधीकधी तिच्यात बाळाचे नावच लिहिलेले नाही. मूळ रत्नागिरी-सिंधुदुर्गातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्यांची नोंद तर इथे नसतेच. जोडीदाराला आणि मुलांना सोबत न्यायचे म्हटले की विवाहाचा आणि जन्माचा दाखला लागतोच. चर्चमध्ये किंवा मंगल कार्यालयात लग्न लागले, पण शासकीय नोंदणी राहून गेली, अशी जोडपी आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आणि पत्ता. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट कार्यालय देते. त्याची फी ५०० रुपये आहे आणि स्थानिक पोलीस पत्ता पडताळतात. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. त्या घरांचे पत्ते तिथल्या कुटुंबांच्या आधारवर होते, पासपोर्टवर होते, बँकेत होते. इमारत बेकायदा होती, हे मान्य. तिथे राहणाऱ्या मुलीची अभियांत्रिकीची पदवी मात्र बेकायदा नव्हती. ती आज पालघर जिल्ह्यात किंवा आणखी कुठे भाड्याने राहत असेल तर तिचा प्रत्येक कागद तिला अशा जागेकडे बोट दाखवायला लावतो जी जागा आता नाही. अनधिकृत बांधकामांचे प्रमाण पाहता या शहरात असा प्रसंग पुन्हा येणार आहे.

हे सगळे जुळवून झाले की साक्षांकन. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. त्या करारातल्या देशांत, उदाहरणार्थ पोर्तुगालमध्ये, परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिलचा शिक्का पुरतो. तैवान आणि संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठीचे कागद त्यांच्या कार्यालयाकडून वेगळे प्रमाणित करून घ्यावे लागतात. तैवानने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत कार्यालय उघडले, त्यामुळे निदान दिल्लीची फेरी वाचली. पण परराष्ट्र मंत्रालयाचा असो वा त्या देशांच्या कार्यालयाचा, त्या शिक्क्याच्या आधी साधारणपणे राज्य सरकारच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही लागते, आणि ती मुंबईत मिळते. विरार ते चर्चगेट म्हणजे सुमारे ६० किलोमीटर. एका कागदाचे काम एका फेरीत होत नाही. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची मूळ फी कागदामागे ५० रुपये आहे. त्याच कामासाठी मधले लोक हजारोंनी पैसे घेतात, कारण त्यांना वाट माहीत असते आणि अर्जदाराला नसते. मी याला भ्रष्टाचार म्हणणार नाही. राज्याने जी सेवा दिली नाही ती बाजाराने दिली आणि तिची मनाला येईल ती किंमत लावली, एवढेच.

उत्पन्नाच्या कागदांतही एक खाच आहे, ती अनेकांना अर्ज नाकारला गेल्यावर कळते. परदेशी कंपनीसाठी स्वतंत्रपणे काम करणारा माणूस पगारदार नसतो, त्याला फॉर्म १६ मिळत नाही. आयकर कायद्यातली एक तरतूद (१९६१ च्या कायद्यातले कलम ४४ एडीए) अशा व्यावसायिकाला एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवण्याची सवलत देते, हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती करत नाही. सवलत कायदेशीर आहे, आणि बहुतेक सीए तीच सुचवतात. पण मग महिना दोन लाख मिळवणाऱ्याचे विवरणपत्र एक लाखाचे उत्पन्न सांगते. परदेशी अधिकारी विवरणपत्र वाचतो. बँकेत आलेल्या परकीय चलनाचे दाखले, करार आणि बिले यांची सांगड घालून दिली नाही, तर माणूस उंबरठ्याच्या आतला असून बाहेरचा ठरतो. ही गोष्ट सांगायला तज्ज्ञ लागत नाही, एक नीट छापलेले मार्गदर्शक पत्रक पुरते.

‘परदेशगमन हा केंद्राचा विषय आहे’ हे उत्तर आपल्याकडून येऊ शकेल. ते घटनेला धरून आहे. पासपोर्ट, अपोस्टिल, उत्प्रवास कायदा हे सगळे दिल्लीच्या हातात आहे. १९८३ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०१९ मध्ये, २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने मसुदे प्रसिद्ध केले, त्यांचे भवितव्यही संसदच ठरवील. पण विद्यापीठे, परीक्षा मंडळ, महापालिका, विवाह निबंधक आणि राजपत्र हे राज्याचे आहेत. केरळनेही घटना बदलली नाही. १९९६ मध्ये त्या राज्याने अनिवासी केरळीयांसाठी ‘नॉर्का’ हा स्वतंत्र विभाग काढला, २००२ मध्ये ‘नॉर्का रूट्स’ ही संस्था उभी केली, आणि आज तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम आणि कोळिकोड या तीन ठिकाणी तिच्या कार्यालयांत शैक्षणिक कागदांचे साक्षांकन होते. राज्याच्या दक्षिण, मध्य आणि उत्तर भागांत एकेक. आपल्याकडे जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार झाला, परिचारिका, चालक, वीजतंत्री यांना तिथे पाठवण्याची योजना आखली गेली. तो उपक्रम योग्यच आहे. पण तो सरकार निवडून पाठवणार असलेल्यांसाठी आहे. स्वतःच्या बळावर जाणाऱ्याला निवड नको आहे, फक्त कागद हवा आहे.

हुशार माणसे घालवायला सरकारनेच मदत का करावी, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. शिक्षणावर पैसा इथला आणि फळ दुसऱ्याला, ही खंत खोटी नाही. अशा व्हिसावर गेलेला माणूस वर्षातले बहुतेक दिवस बाहेर राहिला की इथला करदाता म्हणून उरणे कठीण, हेही मान्य करायला हवे. पण रिमोट कामावर गेलेला माणूस आणि कायमचा स्थलांतरित यांत फरक आहे. त्याचे काम तिथल्या मालकाशी बांधलेले नसते, म्हणून परत यायचे झाले तर नोकरी सोडावी लागत नाही. तो लॅपटॉप बंद करून परत येऊ शकतो, आणि आईवडील वसईत असतील तर येतोच. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये भारतात परदेशातून आलेल्या ११८.७ अब्ज डॉलरपैकी २०.५ टक्के रक्कम महाराष्ट्रात आली, केरळपेक्षाही जास्त. मुंबईतल्या बँकांमुळे हा आकडा काहीसा फुगलेला असेल, पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा महत्त्वाचा आहे : एकट्या अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के होता, आणि अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, कॅनडा, ऑस्ट्रेलिया मिळून आखाती देशांच्या पुढे गेले. देशात येणारा पैसा आता मोठ्या प्रमाणात शिकलेल्यांच्या कामाचा आहे. त्यांना अडवल्याने ते थांबत नाहीत. काही जण पर्यटक व्हिसावर जाऊन हॉटेलात बसून काम करतात, ते बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि पकडले गेले तर पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याचा डाग राहतो. कायदेशीर वाट सोपी करणे हाच त्यावरचा उपाय.

आणि शेवटी तो प्रश्न जो पालघर जिल्ह्यात विचारलाच पाहिजे. याच जिल्ह्यात जव्हार आहे, मोखाडा आहे, विक्रमगड आहे. तिथली कुटुंबे पाऊस संपला की वीटभट्ट्यांवर जातात, मुलांची शाळा सुटते, कुपोषणाच्या बातम्या थांबत नाहीत. महिना दोन लाख कमावणाऱ्यासाठी सरकारी खिडकी मागताना लाज वाटायला नको का? मी हा प्रश्न टाळणार नाही. जव्हारच्या अंगणवाडीचा एक रुपया जरी या खिडकीसाठी वळवावा लागणार असेल तर ही मागणी मी आजच मागे घेईन. पण तसे होण्याचे कारण नाही. केरळमध्ये साक्षांकनाची फी घेतली जाते, इथेही घ्यावी, आणि खिडकीचा खर्च तिच्यातून भागावा. ज्या माणसांबद्दल आपण बोलत आहोत त्यातल्या पगारदारांच्या वेतनातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. तो कर १९७५ पासून आहे, आणि तो लावला गेला रोजगार हमीच्या कामांसाठी. विरारच्या संगणक अभियंत्याने मोखाड्याच्या मजुराच्या कामाला आपला वाटा आजवर दिलेला आहे. शिवाय ही खिडकी फक्त त्याची नसेल. जर्मनीला निघालेली परिचारिका, दुबईला निघालेला वेल्डर, कॅनडात शिकायला जाणारा विद्यार्थी, या सगळ्यांना तेच शिक्के लागतात, आणि मधल्या माणसाची किंमत ज्याची कमाई कमी त्यालाच जास्त बोचते.

म्हणून मागणी नेमकी मांडतो. प्रत्येक जिल्ह्यात आपल्या विभागाचे कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असते. पालघर जिल्ह्याच्या केंद्राची एक शाखा वसई किंवा विरार स्थानकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी उघडावी. २०११ च्या जनगणनेत आजच्या जिल्ह्याच्या हद्दीतल्या सुमारे ३० लाख लोकसंख्येपैकी १२ लाखांहून अधिक लोक याच महापालिकेच्या हद्दीत होते. त्या शाखेत साक्षांकनाचे अधिकार असलेला अधिकारी आठवड्यातून दोन दिवस बसावा, त्यातला एक दिवस शनिवार असावा. शैक्षणिक आणि वैयक्तिक अशा दोन्ही कागदांचे अधिकार त्याला द्यावेत. डिजिलॉकरमधल्या पदव्या आणि परराष्ट्र मंत्रालयाची २०१७ पासूनची ई-सनद ही ऑनलाइन सोय यांचा वापर जिथे होऊ शकतो तिथे माणसाला कागद घेऊन यायलाच लावू नये. नावांच्या वेगवेगळ्या रूपांसाठी ‘ही एकच व्यक्ती’ असा दाखला ठरावीक नमुन्यात आणि ठरावीक मुदतीत द्यावा, त्यासाठी महापालिकेच्या जन्म-विवाह नोंदणी विभागाशी ती शाखा जोडावी. ज्यांची घरे पाडली गेली त्यांच्या आजच्या पत्त्याची नोंद मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाशी बोलून कशी करायची, याचा एक आदेश आपल्या सरकारने काढावा. आणि दरपत्रक मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, खिडकीच्या बाहेर लावावे : कुठल्या शिक्क्याला सरकारी फी किती, कुठे किती दिवस लागतात, आणि एजंटाची गरज कुठे नाही.

शाखा उघडायला वेळ लागणार असेल तर ते दरपत्रक आधी लावा. त्याला मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही.

आपला,
वसई-विरारमधील एक नागरिक